टॉम सॉयर घेण्याआधी त्यातला हिशेब तपासा

साताऱ्यात पुस्तकांच्या दुकानात ‘टॉम सॉयर’ मागितलं की एकाच नावाची निरनिराळी पुस्तकं समोर येऊ शकतात. एखादं मोठ्या टायपातलं, पानोपानी चित्रं असलेलं पातळ पुस्तक. एखादं शंभर-सव्वाशे पानांचं मराठी रूपांतर. एखादं पूर्ण इंग्रजी, बारीक अक्षरांचं. कारण साधं आहे. मिसिसिपीकाठच्या गावातल्या टॉम या खोडकर पोराची ही कादंबरी १८७६ सालची, अमेरिकी लेखक मार्क ट्वेन १९१० साली वारला, त्यामुळे आता त्यावर कुणाचा मालकी हक्क नाही. ज्याला वाटेल तो छापतो आणि वाटेल तेवढं कापतो. पाचवी ते आठवीतल्या मुलासाठी हे पुस्तक घ्यावं का, याचं उत्तर निःशंक ‘हो’ आहे. कोणतं घ्यावं, याला मात्र दुकानात उभं राहून दहा मिनिटं द्यायला हवीत, कारण कापलेल्या आवृत्तीत टॉम नुसता वांड उरतो. मूळ पुस्तकातला टॉम पक्का हिशेबी आहे आणि त्याची प्रत्येक खोडी देवघेवीतून उभी राहते. आकडे आणि याद्या गेल्या की खोडीही गेली.

दुसरं प्रकरण घ्या. शनिवारची सकाळ, आणि शिक्षा म्हणून टॉमला कुंपणाला चुना लावायचाय. ट्वेननं मापं दिली आहेत: कुंपण ३० वार लांब, ९ फूट उंच. म्हणजे एका बाजूचे ८१० चौरस फूट. दुपार होईतो त्यावर चुन्याचे तीन हात बसलेले असतात. जवळजवळ अडीच हजार चौरस फुटांचं काम, आणि टॉमचे स्वतःचे त्यात सुरुवातीचे थोडेसे फटकारे! मापं गाळली तर पोरानं केवढं काम अंगावरून झटकलं, हे मुलाला उमगतच नाही. आपल्याकडच्या मुलाला इथे एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. कुंपण म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर निवडुंग, बाभळीच्या फांद्या नाहीतर काटेरी तार येते, आणि तिला चुना कसा लावणार, इथेच ते अडकतं. हे कुंपण फळ्यांचं, भिंतीसारखं सलग आहे. मराठी अनुवादकाला या प्रकरणात आयतं दानही मिळालंय. ‘चुना लावणे’चे दोन्ही अर्थ एकाच कुंपणावर येऊन बसतात. ज्या अनुवादात त्याचं ‘रंग देणे’ झालंय, त्या अनुवादकाचा कान कच्चा समजावा.

आता मिळकतीची यादी. बेन रॉजर्सचं सफरचंद, बिली फिशरचा धडधाकट पतंग, जॉनी मिलरचा मेलेला उंदीर आणि तो गरगर फिरवायला दोरी. शिवाय १२ गोट्या, तोंडानं वाजवायच्या मोरचंगाचा तुकडा, आरपार बघायला निळ्या बाटलीची काच, रिळाची तोफ, कोणत्याच कुलपाला न लागणारी किल्ली, खडूचा तुकडा, काचेचं बूच, खेळण्यातला शिपाई, बेडकाची शेपटीवाली दोन पिल्लं, ६ फटाके, एकाक्ष मांजराचं पिल्लू, दाराची पितळी मूठ, कुत्र्याचा पट्टा (कुत्रा नाही), चाकूची मूठ, संत्र्याच्या सालीचे ४ तुकडे आणि खिडकीची मोडकी चौकट. ही यादी पूर्ण असायलाच हवी, आणि वाचताना ती सावकाश वाचायला हवी. गोट्या-चिंचोक्यांची अदलाबदल केलेलं मूल प्रत्येक वस्तूचा भाव मनात करत जातं. कापलेल्या आवृत्तीत या जागी ‘मुलांनी टॉमला बऱ्याच भेटवस्तू दिल्या’ एवढंच येतं. भेटवस्तू कसल्या! त्यांनी काम करायची परवानगी रोखीनं विकत घेतली होती.

याच मालाचं पुढे काय होतं, हे चौथ्या प्रकरणात कळतं, आणि बहुतेक संक्षेपकार नेमका तिथे कात्री लावतात. रविवारच्या बायबलच्या वर्गात दोन वचनं पाठ म्हटली की एक निळं तिकीट. १० निळी म्हणजे एक लाल, १० लाल म्हणजे एक पिवळं, आणि १० पिवळी आणून दिली की साध्या बांधणीचं, ४० सेंट किमतीचं बायबल बक्षीस. म्हणजे एका बायबलला २,००० वचनं. आपल्या मापात सांगायचं तर गीतेचे श्लोक ७००, मनाचे श्लोक २०५. मनाचे श्लोक जवळजवळ दहा वेळा पाठ करावेत एवढी ही मेहनत. टॉम उठतो आणि ९ पिवळी, ९ लाल, १० निळी तिकिटं पुढे करतो. मुलाला पाटी-पेन्सिल देऊन बेरीज करायला लावा: ९०० अधिक ९० अधिक १०, बरोबर हजार निळ्यांची किंमत. ट्वेननं आकडे चोख जुळवले आहेत. तिकिटं आली कुठून? आदल्या दिवशी कुंपणावर कमावलेला माल देऊन. ज्या पोरांनी चुना लावायला पैसे मोजले, त्यांनीच आपली तिकिटंही त्याला विकली, हे त्यांना बक्षिसाच्या वेळी समजतं आणि ती चडफडतात.

यानंतर न्यायाधीश थॅचर त्याला येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावं विचारतात आणि टॉम ‘डेव्हिड आणि गोलिएथ’ असं ठोकून देतो. मराठी घरातल्या मुलाला हे उत्तर किती चुकलंय ते कळणार नाही. समर्थांच्या दोन शिष्यांची नावं विचारल्यावर ‘भीम आणि जरासंध’ म्हणावं, तसं ते आहे. हे एक वाक्य आधीच सांगून ठेवलं तर हशा जागच्या जागी येतो. नंतर समजावलं तर येत नाही.

निळं तिकीट वर्गाबाहेरही चलनासारखं फिरतं, हे सहाव्या प्रकरणात दिसतं. गावातला बेवारशी पोरगा हक फिन, त्याच्या हातात चामखीळ घालवायला आणलेली मेलेली मांजर आहे. ती त्यानं एक निळं तिकीट आणि कत्तलखान्यातून मिळवलेला एक फुगा (जनावराचं मूत्राशय) देऊन घेतली. तिकीट त्याला बेन रॉजर्सकडून चाक फिरवायच्या काठीच्या बदल्यात मिळालेलं. मग टॉम त्याच सकाळी उपटलेला आपला दात देऊन हककडून एक गोचीड घेतो, ती गोचीड सातव्या प्रकरणात वर्गातल्या बाकावर टॉम आणि त्याचा मित्र ज्यो हार्पर यांच्यात भांडण लावते, आणि मास्तरांचा मार दोघांच्या पाठीवर बसतो. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस ही साखळी न तुटता चालते. माझ्या मते मुलांच्या पुस्तकांत इतकं घट्ट विणलेलं दुसरं काही शोधून सापडणार नाही.

म्हणून दुकानात पुस्तक हातात आल्यावर मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि प्रकरणं मोजा. मुळात ३५ प्रकरणं आणि शेवटी एक छोटा समारोप आहे. वीस-बावीसच असली तर कापलेलं आहे. मग कुंपणाची यादी, तिकिटांचा भाव आणि १९ वं प्रकरण शोधा. हे प्रकरण दोन-तीन पानांचं आहे आणि कथानक पुढे नेत नाही, म्हणून सर्वांत आधी उडतं. पण ते उडालं की टॉम निर्दय वाटायला लागतो. तो, ज्यो हार्पर आणि हक बेटावर चाचे होऊन राहिलेत, गाव त्यांना बुडालेलं समजतंय, आणि टॉम एका रात्री गुपचूप घरी येऊन त्याला सांभाळणाऱ्या पॉली मावशीचं रडणं ऐकून परत जातो. झोपलेल्या मावशीचा त्यानं मुका घेतला, आणि ‘आम्ही मेलो नाही’ असं झाडाच्या सालीवर लिहून आणलेली चिठ्ठी ठेवता ठेवता पुन्हा खिशात घातली. हे १५ व्या प्रकरणात. १८ व्यात तो ऐकलेलं सगळं स्वप्नात पाहिल्याचं सांगतो. १९ व्यात तो पकडला जातो, मावशी त्याच्या जुन्या कोटाचा खिसा तपासावा की नाही यावर घुटमळते, हात घालते, आणि ती साल तिला सापडते. या पानाशिवाय आधीची दोन प्रकरणं अर्धवट आहेत.

मावशी हा शब्द इथे मुद्दाम वापरलाय. इंग्रजीत काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे अनुवादक ठेचकाळतात. पहिल्याच प्रकरणात पॉली टॉमला आपल्या मेलेल्या बहिणीचा मुलगा म्हणते, म्हणजे ती मावशीच. आपल्याकडे ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणतात, ते या घराला तंतोतंत लागू पडतं. छडी उगारली तर तिचं काळीज तुटतं आणि नाही उगारली तर मन खातं, ही तिची ओढाताण मावशी या नात्यातून आपोआप कळते. ‘पॉली काकू’ किंवा ‘पॉली आत्या’ असं छापलेलं दिसलं तर ते पुस्तक परत फळीवर ठेवा. सिड हा टॉमचा सावत्र भाऊ आहे, तेही पाहून घ्या. त्याला सख्खा केला की त्याच्या चहाडीतली धार जाते.

दुसरी अडचण ‘इंजन ज्यो’ या खलनायकाच्या नावाची. ‘इंजन’ हा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द आहे. मराठीत त्याचं ‘इंडियन ज्यो’ केलं तर आपली मुलं त्याला भारतातून गेलेला माणूस समजतात. अनुवादात एवढा खुलासा हवाच. नसेल तर वाचणाऱ्यानं करावा. आणि इथे पुस्तकाचा खरा दोषही सांगायला हवा: ज्योच्या दुष्टपणाचं खापर ट्वेन पुष्कळदा त्याच्या जातकुळीवर फोडतो. मुलं हे जसंच्या तसं गिळतात. वाचता वाचता थांबून बोलावं लागतं.

तसंच जिमचं. कुंपणाच्या प्रकरणात टॉम सर्वांत आधी ज्याला गोटीचं आमिष दाखवतो तो जिम हा गुलाम मुलगा आहे. प्रस्तावनेत ट्वेन सांगतो की ही गोष्ट तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, म्हणजे १८४० च्या आसपासची, आणि मिसुरी राज्यात तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. पूर्ण इंग्रजी आवृत्तीत काळ्या लोकांसाठीची शिवी जागोजागी आहे. ती मुलासमोर मोठ्यानं वाचायची की नाही, हे आधी ठरवून ठेवा, ऐन वाक्यात अडखळू नका. सातारा जिल्ह्यातल्या मुलाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली, म्हणजे ‘टॉम सॉयर’च्या तीनच वर्षं आधी, ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. जिम पाण्याची बादली घेऊन येतो त्या पानावर हे सांगितलं तर दोन्ही पुस्तकं एकमेकांना उजेड दाखवतात.

मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी हे पुस्तक उत्तम आहे, फक्त वेळापत्रक नीट लावायला हवं. मूळ मजकूर साधारण ७०,००० शब्दांचा. रोज एक प्रकरण, कधी दोन, असं धरलं तर मे महिन्याच्या सुट्टीत आरामात संपतं. नवव्या प्रकरणात स्मशानातला खून आहे. डॉक्टर रॉबिन्सन पुरलेलं प्रेत उकरायला का आलाय हे मुलं विचारतातच. शरीररचना शिकण्यासाठी तेव्हा प्रेतं अशी चोरली जात, एवढं सांगून पुढे जावं. हे प्रकरण रात्री झोपताना वाचू नये, आणि त्यावर थांबूही नये. ९, १०, ११ ही तीन एका बैठकीत नाहीतर लागोपाठच्या दोन दिवसांत वाचावीत, कारण खून डोळ्यांनी पाहणं, रक्तानं सही करून गप्प राहण्याची शपथ घेणं आणि निरपराध मफ पॉटरला अटक होणं हे एकत्र आलं तरच टॉमच्या पोटातला गोळा मुलाच्या पोटात उतरतो. नंतर मध्ये ११ प्रकरणं जातात आणि २३ व्यात एकदम खटला उभा राहतो. तोवर मुलं चाकू कुणाचा, पाहिलं कुणी, शपथ काय होती हे विसरलेली असतात. खटल्याच्या आदल्या दिवशी दोन मिनिटं उजळणी करून घ्या. हे न केल्यानं पुस्तकातला सर्वांत जोरकस प्रसंग हातचा जातो.

१३ ते १७ हा बेटाचा भाग सलग वाचावा, आणि १७ व्यात काय होणार याचा सुगावा लागू देऊ नये. मागच्या मजकुरात ‘स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहणारा टॉम’ असं छापलं असेल तर पुस्तकाला कव्हर घालून टाका. नदीचं माप इथे मुद्दाम सांगावं. बेटाजवळ मिसिसिपी मैलाहून थोडी जास्तच रुंद आहे आणि बेट गावाच्या तीन मैल खाली. माहुलीच्या संगमावर कृष्णा-वेण्णा पाहिलेल्या मुलाला तराफ्यावरून मध्यरात्री तिथे जाणं म्हणजे काय, हे त्याशिवाय समजायचं नाही. गावकरी पाण्यावर तोफ डागतात आणि पारा भरलेले पाव सोडतात, त्याचंही कारण द्यावं लागतं: तोफेच्या हादऱ्यानं प्रेत वर येतं आणि असा पाव बुडालेल्याच्या जागी जाऊन थांबतो, अशी तेव्हाची समजूत. १६ व्यात टॉम आणि ज्यो हार्पर तंबाखूची चिलीम ओढतात. पालक इथे बिचकतात, पण दोघांचीही जी गत होते ती वाचल्यावर वेगळा उपदेश करायला लागत नाही.

कात्री चालवायचीच असेल तर ती २१ व्या प्रकरणात चालवावी. शाळेच्या परीक्षेच्या संध्याकाळी मुली निबंध वाचतात, आणि ट्वेननं ते खऱ्या छापील पुस्तकातून उचलून दिले आहेत. त्या काळच्या भरजरी लेखनाची ती खिल्ली, पण आजच्या मुलाला ती रटाळ होते. एका निबंधाचे चार ओळींचे मासले पुरेत. मग सरळ छतातून दोरीनं सोडलेल्या मांजरीकडे आणि मास्तरांच्या टोपाकडे जावं. न्यायाधीशांची मुलगी बेकी थॅचर हिच्या वाट्याला लेखकानं रुसणं आणि रडणं याहून फारसं काही ठेवलेलं नाही, ही उणीव मुलींना वाचून दाखवताना विशेष जाणवते.

टॉम आणि बेकी गुहेत हरवतात ती प्रकरणं मात्र अक्षरशः वाचावीत. इथे साताऱ्याच्या मुलाची गफलत ठरलेली आहे. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा, त्यामुळे गुहा म्हटलं की त्याला कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांसारखं काही दिसतं: छिन्नीनं कोरलेल्या खोल्या आणि समोर दार. तिथे कोण कसं हरवेल? मॅकडुगलची गुहा चुनखडीची आहे. पाण्यानं दगड विरघळवत युगानुयुगं पाडलेल्या वाटा, एकीतून दुसरी, खाली आणखी खाली, आणि कुणालाच पूर्ण माहीत नसलेल्या. ट्वेनच्या गावाजवळ, हॅनिबलला, ती गुहा खरोखर आहे. हे समजलं की टॉमच्या खिशातल्या मेणबत्तीच्या तुकड्यांची आणि पतंगाच्या दोऱ्याची किंमत कळते. ते दोघं अखेर मुख्य तोंडापासून पाच मैलांवर बाहेर निघतात.

३३ व्या प्रकरणात इंजन ज्योचा शेवट आहे आणि तिथेही आकडेच अंगावर काटा आणतात. टॉम-बेकी सुटल्यावर न्यायाधीशांनी गुहेच्या दाराला लोखंडी पत्रा मारून कुलपं घातली, आत कोण आहे हे माहीत नसताना. मेणबत्त्यांची टोकं आणि वटवाघळं खाऊन ज्यो जगला. पाण्यासाठी त्यानं थेंब टिपायला दगडात खळगा केला. तीन मिनिटांना एक थेंब, म्हणजे दिवसाला ४८०, आणि तेवढ्यातून चमचाभर पाणी. संक्षिप्त पुस्तकात ‘ज्यो गुहेत मेला’ एवढं वाक्य असतं. त्याच्यावर दया यावी अशी पुस्तकातली हीच एक जागा, आणि तीच गाळतात.

टॉम आणि हकला शेवटी सापडलेला खजिना १२,००० डॉलरच्या थोडा वर. दोघांच्या वाटण्या सहा टक्क्यांनी व्याजाला लावल्या जातात. ६,००० डॉलरचं वर्षाचं व्याज ३६० डॉलर होतं. हे मोठं की लहान? ट्वेन सांगतो की तेव्हा आठवड्याला सव्वा डॉलरमध्ये मुलाचं राहणं, जेवण, शाळा, कपडे, धुणं सगळं भागायचं. म्हणजे वर्षाला ६५. एका व्याजात पाच पोरं शिकली असती. सहावीतलं मूल हा हिशेब स्वतः करू शकतं, करू द्यावा.

इंग्रजी वाचता येत असेल तर पैसे खर्च करण्याआधी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ७४ क्रमांकाचं पुस्तक फुकट उघडून पाहा. पूर्ण मजकूर तिथे आहे, आणि विकत घ्यायच्या प्रतीशी प्रकरणं ताडून बघायलाही तो कामी येतो. मराठी प्रतीवर ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ की ‘संपूर्ण अनुवाद’ लिहिलंय ते आतल्या पानावर वाचा. अनुवादकाचं नावच नसेल तर घेऊ नका. मूल अजून लांब पुस्तकाला बसत नसेल तर आधी भिलारला एक दिवस काढा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ पासून सुरू आहे आणि घराघरांत मांडलेली पुस्तकं तिथे बसून वाचता येतात.

‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ एकाच बांधणीत मिळतात, त्या जोडपुस्तकाच्या मोहात या वयासाठी पडू नये. दुसरं पुस्तक इंग्लंडात १८८४ ला आणि अमेरिकेत १८८५ ला आलं. ते हक स्वतःच्या बोलीत सांगतो आणि पळून जाणाऱ्या गुलामाची गोष्ट त्याच्या मध्यभागी आहे. सहावीतलं मूल पहिलं संपवून त्याच वेगानं त्यात शिरतं आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाला बंद करून ठेवतं. ते नववी-दहावीला, वेगळं आणून द्यावं.